पाहुण्यांची ऊब

सकाळी साडेनऊला सूनबाई शिंप्याच्या दुकानात पोचली आणि सुईत दोरा ओवायला बसली, तेव्हा तिसऱ्यांदा दोरा चुकला. बोटं होती, सुईही होती, पण बोटांना सुई कळत नव्हती. काज-बटण करणाऱ्या बाईची बोटं अशी गेली तर तिच्याकडे उरलंच काय? दुकानात तिला सगळे काजवाली म्हणत, घरात सूनबाई. आपणही सूनबाईच म्हणू.

"आधी हात इस्त्रीजवळ धरा," शिंपी म्हणाला. "बोटाला सुई टोचून शर्टावर रक्त सांडलंत, तर गिऱ्हाईक मलाच उसवून ठेवेल."

तिने हात धरले. ऊब चढायला लागली तशी बोटं दुखायला लागली. गेले तीन हिवाळे हे असंच चाललं होतं, आणि दुखणं हीच तिला दिवसातली पहिली खूण वाटायची की आपण जागे झालो.

"पोस्टाबाहेरचा कागद वाचलात का?" शिंपी कापड मापता मापता बोलत होता. "ज्यांना घर गरम ठेवणं परवडत नाही, त्यांच्या बिलातला वाटा सरकार उचलणार. अर्ज करायचा, मग माणूस घर बघून जातो. सत्तरीपुढचं कुणी घरात असलं तर आधी नंबर, शिवाय त्या माणसाच्या खोलीत हीटर फुकट. तुमच्या आत्याबाई आहेतच की!"

योजनेचं सरकारी नाव चांगलं दोन ओळींचं होतं. लोक तिला ऊबभत्ता म्हणत.

सूनबाईचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढची बैठकीची, मधलं स्वयंपाकघर, आणि मागे एक अंधारी खोली, जिच्या भिंतीला ओल होती आणि खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे होते. हीटर एकच, तो बैठकीत. त्याचं बटण सासऱ्यांच्या मर्जीवर चाले, आणि सासऱ्यांची मर्जी पाहुण्यांवर. दारावर टकटक झाली की सासरे आधी हीटर लावत आणि मग दार उघडत. पाहुणा गेला की त्याच्या पाठोपाठ हीटर बंद. त्यामुळे घरातल्या माणसांना पाहुण्यांचा मोठा लळा लागला होता. विम्याचा एजंट आला तरी त्याला दुसरा चहा घ्या म्हणून आग्रह होई.

सासरे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते. सगळी पेठ त्यांना मास्तरच म्हणे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं पोरांना सुंदर अक्षरात फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि त्यावर स्वतःचा संसारही चालवला होता.

आणि मागच्या खोलीत आत्याबाई होत्या, मास्तरांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. आई नव्हती, भाऊ शाळकरी होता. लोकांचे कपडे धुऊन त्यांनी त्याला शिकवलं, मास्तर केलं. तेव्हा त्या पुढच्या खोलीत झोपत. भावाचं लग्न झालं, वहिनी आली, तशा त्या मधल्या खोलीत गेल्या. वहिनी पुढे वारली, पण मग सून आली आणि आत्याबाई मधल्या खोलीतून मागच्या खोलीत गेल्या. तिच्यामागे खोली नव्हती. त्यांना जा असं कुणी म्हटलं नव्हतं. एकट्या बाईला काय लागतं, असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांत आधी त्या स्वतः म्हणत. पाहुणे आले की त्या बाहेर येत नसत. म्हणजे ज्या घरात ऊब पाहुण्यांबरोबर येई, तिथे ती त्यांच्या वाट्याला कधीच येत नसे.

सूनबाईचा नवरा ट्रक चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. फोनवर तो म्हणाला, "बाबांना विचार." तिने विचारलं.

"आपल्या घराण्यात कुणी हात पसरलेला नाही," मास्तर म्हणाले.

"बाबा, हात कुठे पसरायचाय? अर्ज तर करायचाय."

"एकच झालं. अर्ज म्हणजे अक्षरात पसरलेला हात."

हे मास्तर रोज सरकारी पुलावरून फिरायला जात, सरकारी वाचनालयात वर्तमानपत्र वाचत, आणि पेन्शन तर थेट सरकारकडूनच घेत. तिथे त्यांची मान ताठ असे. पण घर थंड आहे एवढं म्हणायचं तर त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. असे मास्तर पेठेत घरटी एक होते, म्हणून इतका राग फक्त त्यांच्यावर काढण्यात अर्थ नाही.

शेवटी मागच्या खोलीतल्या खोकल्यानेच त्यांना हलवलं. आठवडाभर तो थांबत नव्हता. "आण तो कागद," ते म्हणाले. "पण मी भरतो. तुझ्या अक्षरात गेला तर तिथेच हसतील."

त्यांनी अर्ज फार सुरेख भरला. घरातील माणसं या रकान्यात तीन लिहिलं. सत्तर वर्षांवरील व्यक्ती, या प्रश्नापुढे त्यांनी पट्टी ठेवली आणि एक सरळ आडवी रेघ मारली.

"बाबा, आत्याबाई?"

"बहिणीला थंड खोलीत ठेवतो, हे मी सहीनिशी लिहून देऊ? चार लोकांच्या हातून जातो कागद." मग जरा खाली आवाजात म्हणाले, "भत्ता मिळाला की ताईसाठीच दुसरा हीटर घेऊ. मग झालं ना?"

झालं, असं सूनबाईला वाटलं नाही. पण तिने पुढे ब्र काढला नाही. घडी घालून कागद पाकिटात तिनेच घातला.

तपासणीचं पत्र आलं. येणाऱ्या बाईंचं नाव वाचलं आणि मास्तर खुर्चीतून उठले. त्यांची विद्यार्थिनी! पहिल्या बाकावरची, अक्षर मोत्यासारखं.

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं ते एखाद्या लग्नघराला शोभलं असतं. गरिबी तपासायला माणूस येणार म्हणून हे घर ती गरिबी झाकायला लागलं. बैठक झाडली. चांगल्या कपबशा निघाल्या. शिंप्याकडून दुसरा हीटर उसना आला. तो देताना शिंपी सूनबाईला म्हणाला, "अहो, त्या थंडी बघायला येणार ना? मग ही उलटी तयारी कसली?" ती म्हणाली, "बाबांना सांगा." तो म्हणाला, "त्यांनी मला शाळेत छड्या दिल्यात. मी नाही सांगणार."

सोफ्याची गादी फाटली होती. त्यावर घालायला घरात एकच धड पांघरूण होतं, आत्याबाईंच्या अंगावरचं, त्यांनी स्वतः विणलेलं जाड लोकरी पांघरूण. मास्तर मागच्या खोलीच्या दारात घुटमळले.

"घेऊन जा रे," आत्याबाई म्हणाल्या. "तुझी विद्यार्थिनी येणार. मी शाल घेऊन बसते. आणि खोकणार नाही, तू काळजी करू नकोस."

तपासनीस बाई दुपारी आल्या. चाळिशीच्या, थकलेल्या, खांद्यावर अर्जांची पिशवी. दोन हीटरच्या उबेत त्यांनी कोट काढला आणि पांघरुणावर बसल्या. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला. शाळेच्या गोष्टी निघाल्या. चहा झाला. छोटा तापमापक भिंतीजवळ धरून त्यांनी आकडा पाहिला आणि टिपून घेतला.

"घरात तुम्ही तिघंच ना, सर?"

"तिघंच."

तेवढ्यात मागून खोकला आला. दाबलेला, तोंडात शाल कोंबून काढल्यासारखा. सूनबाईच्या हातात ट्रे होता. बाईंनी मान वर केली, स्वयंपाकघरापलीकडच्या बंद दाराकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. सर हसत होते. बाईंनी मान खाली घातली आणि लिहायला लागल्या. सूनबाईला वाटलं, आता बोलावं. मग तिला वाटलं, ट्रे ठेवून बोलावं. ट्रे ठेवेपर्यंत बाई कोट घालत होत्या.

त्या गेल्यावर हीटर बंद झाले आणि उसना परत गेला. पांघरूण सोफ्यावर राहिलं, कारण चांगलं दिसत होतं. मास्तर विसरले. सूनबाईला मात्र आठवत होतं. त्या संध्याकाळी तिला बारा शर्टांची काजं करायची होती. शर्ट झाले की नेऊन देऊ, असं तिने ठरवलं, मग सकाळी देऊ असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही पांघरूण तिथेच होतं. आत्याबाईंनी ते मागितलं नाही. आयुष्यात त्यांनी काही मागितलंच नव्हतं, आणि त्या घरात न मागणाऱ्याला मिळायची रीत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई चहा घेऊन मागे गेली. आत्याबाई शालीत गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. तिने हाक मारली. खांद्याला हात लावला. तिच्या बधिर बोटांना काही कळलं नाही, म्हणून तिने मनगट लावलं. मग चहाचा कप खिडकीत ठेवला आणि बाहेर येऊन मास्तरांना सांगितलं.

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर छातीतला कफ लिहिला. थंडी असं काही लिहिलं नाही. त्यासाठी बहुधा रकाना नसतो.

मास्तर रडले नाहीत. सूनबाईही नाही. नवरा आला, चार दिवस राहिला, परत गाडीवर गेला. माणसं भेटायला येत, हीटर लागे, जात, हीटर बंद होई. आठव्या दिवशी सरकारी पत्र आलं. घर पुरेसे उबदार आढळले, सबब मदतीची आवश्यकता नाही. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून पांघरुणाखाली ठेवलं.

सूनबाईने ते काढलं. मागे छापलं होतं, निर्णय मान्य नसल्यास पुन्हा तपासणी मागता येते. तिने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं : *तुम्ही पाहुण्यांची खोली बघितलीत. राहणाऱ्यांची बघा.* आणि शिंप्याच्या दुकानात जाता जाता पेटीत टाकलं.

बाई पुन्हा आल्या तेव्हा मास्तरांचा हात सवयीने बटणाकडे गेला. सूनबाई हीटरच्या पुढे उभी राहिली.

"नको, बाबा."

"अगं, पाहुणे..."

"पाहुण्यांपायीच झालं ना सगळं? आज नाही लावायचा."

मास्तरांसमोर ती पहिल्यांदाच अशी बोलली होती. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. आत्याबाई गेल्यापासून तिला कसलंच काही वाटत नव्हतं. मास्तरांनी हात मागे घेतला. तिने बाईंना सरळ मागच्या खोलीत नेलं. बाईंनी कोट काढला नाही. तापमापक भिंतीला धरला, आणि काट्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. खिडकीत कप तसाच होता. चहावर साय धरून ती सुकली होती.

"इथे कोण असतं?" त्यांनी विचारलं.

सूनबाईने दाराकडे पाहिलं. मग दारातून मास्तरांचा आवाज आला. "माझी ताई. चौथी. मागच्या वेळी मी तीन सांगितलं होतं."

बाईंनी पेन काढलं, आणि तसंच हातात धरून ठेवलं. "सर, मला तेव्हा खोकला ऐकू आला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिघंच म्हणालात. सरांचं बोलणं कसं खोडायचं, म्हणून मी दार उघडायला लावलं नाही."

"लिहा. सत्तरीच्या वर एक."

"सर, हयात माणसंच लिहिता येतात."

"तरी लिहा," मास्तर म्हणाले, आणि मागच्या खोलीतल्या त्या रिकाम्या खाटेवर बसले. तेव्हा कुठे त्यांना रडू आलं. मोठ्याने, लहान मुलासारखं. सूनबाई बैठकीत गेली, सोफ्यावरचं पांघरूण ओढून काढलं आणि आणून त्यांच्या खांद्यांवर घातलं. आता ते मागच्या खोलीत आणायला तिला चार पावलं पुरली होती. त्या दिवशीही तेवढीच होती.

बाई निघाल्या तेव्हा सूनबाई त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. पिशवी अर्जांनी फुगलेली होती.

"बाई, या पेठेत किती घरं तपासलीत?"

"पंचवीस-तीस झाली असतील."

"मागच्या खोल्या किती बघितल्यात?"

बाई थांबल्या. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "प्रत्येक घरी चहा प्याले," त्या हळू म्हणाल्या.

शिंप्याच्या दुकानात शर्ट वाट बघत होते. सूनबाईने तिकडे पाहिलं, मग शेजारच्या घराकडे वळली. बाई तिच्या मागोमाग आल्या. तिने दार वाजवलं. आत लगबग झाली, बटणाचा खट्ट आवाज आला, आणि मगच दार उघडलं. बैठकीत हीटरची तार नुकती लाल व्हायला लागली होती.

"अगंबाई, तुम्ही! या ना, बसा," घरची बाई हसून म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नको, वहिनी," सूनबाई म्हणाली. "आम्ही बसायला नाही आलो. मागची खोली दाखवा."