बेल्याच्या म्यानेजरांची खुर्ची

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहो, घडीची. उजवा पाय जरासा आखूड आहे, पण आजवर कोणाले पाडलं नाई. बेला गावच्या फुटबॉल क्लबात म्यानेजर आले न गेले, मी मात्र तीच आहो. त्यायची नावं माझ्या पाठीवर खिळ्यानं कोरले आहेत. पायजे तं हात लावून पाहा.

मित्रांनो, मले आदिलाबादच्या एका वेल्डरनं बनवलं. बसच्या टपावर बसून मी बेल्यात आली. आणलं बाबाराव गुरुजीनं. त्यायनंच क्लब काढला, तेच पयले म्यानेजर. मैदान मंजे कापूस निंघालेलं वावर, अन् गोल मंजे दोन बल्ल्या. गुरुजी माझ्यावर बसले का पोट्टे वाऱ्यावानी पळत.

एक दिवस गुरुजीनं पेपर वाचून दाखवला. "आयका रे. इंग्लंडात क्लब हारला का म्यानेजरले हाकलतात, वरून पेपरात फोटो छापतात! आपल्या इथं असं नाई कराचं. लागोपाठ तीन मॅची जो हारन, त्यानं सोता खुर्ची डोक्यावर घेऊन पुढच्या म्यानेजरच्या घरी पोचवाची. तिथं चहा प्याचा, खुर्चीवर आपलं नाव कोराचं, घरी जायाचं. कोणी हासाचं नाई."

अन् पयले तेच हारले! भीमपूरच्या क्लबानं लागोपाठ तीनदा हरवलं. गुरुजीनं टोपी खिशात घातली, मले डोक्यावर घेतलं आन् भर बाजारातून नरसिंगरावच्या घरी नेलं. त्या दिवशी मी लय उंच होती.

नरसिंगराव तहसीलीत कारकून. मैदानातही हुकूमच काढत. "गोलकीपर बरखास्त! दुसरा हाजिर करा!" पाच वर्स टिकले. मंग तीन मॅची हारले, अन् तेही मले डोक्यावर घेऊन चंपतच्या घरी गेले, एका दमात.

मंग आला चंपत. तेज माणूस. त्याच्या राज्यात आमी तामसीले सहा गोल मारले, लोकायनं माझ्या पायाले झेंडूची माळ बांधली. पण आपल्याच गोलकीपरले, खुशालले, तो सगळ्यायसमोर म्हणे, "तुह्यापेक्षा ही खुर्ची गोलात उभी केली तं बरं!" मले तवाच राग आला. मी बसाले आहो, टोमणे माराले नाई.

पुढं चंपतच्याही तीन मॅची गेल्या. पोट्ट्यायनं नवा म्यानेजर निवडला, खुशाल.

"त्याच्या दारात मी? डोक्यावर खुर्ची घेऊन? जमत नाई!" चंपतनं मले गोठ्यात फेकलं.

खुर्ची नाई तं म्यानेजर नाई. म्यानेजर नाई तं मॅच नाई. कापसाचे दोन हंगाम गेले. जिथं बाबाराव गुरुजी बसत, तिथं कोंबडी बसली! मैदानात बैल चरून राह्यले. आणखी एक साल, अन् क्लब संपला असता.

एक दिवस चंपतची माय, सखूबाई, गोठ्यात आली. मले पदरानं पुसलं आन् उचललं डोक्यावर. सत्तर वर्साची बाई!

"माय, कुठं चालली?" चंपत धावला.

"खुशालच्या घरी. तुही मान दुखते ना? माही नाई दुखत."

"लोकं हासतीन ना वं!"

"हासू दे. बसाच्या टायमाले कोणाले इचारलं होतं काय?"

दाहा पावलं गेली असन ती. चंपतनं मले तिच्या डोक्यावरून घेतलं, आपल्या डोक्यावर ठेवलं. गल्लीत लोकं उभे राह्यले. कोणी हासलं नाई.

खुशाल दारातच होता. "ये, चंपतभाऊ. बस."

"कशावर?"

"खुर्चीवरच. मी उभ्यानं चहा पेतो. सहा गोल कसे मारले ते सांग पयले."

चंपत बसला. सांगता सांगता चहा थंडा झाला. मंग त्यानं खिळा मांगितला. आपलं नाव कोरलं, अन् त्याच्यावर मोठ्या अक्षरात कोरलं, सखूबाई.

पुढच्याच रविवारी मॅच झाली. मी लायनीजवळ, जागेवर.

मित्रांनो, मले रंग नाई दिला तरी चालते, गंजाचं माझं मी पाहीन. पण मले डोक्यावर घेऊन कोणी तुमच्या गल्लीतून जाताना दिसला, तं बाजूले व्हा, रस्ता द्या. अन् तो तुमच्याच दारात थांबला तं चहा ठेवा.