एका गुडघ्याचे पैसे

"अवो, टाका की ती बाटली पोत्यात. वाचायलाव काय तिच्यावर?" विहाराच्या पायरीवर बसून केशरबाई ओरडल्या.

चष्मा कपाळावर चढवून, रिकामी बाटली डोळ्यांशी नेऊन सूर्यभान लेबलाच्या तळाची बारीक अक्षरं वाचत होते. जन्म पोस्टात काढलेल्या माणसाची ही खोड. हातात आलेल्या वस्तूवर पत्ता असला, की तो पुरता वाचल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही. मग ते औषधाचं खोकं असो, नाहीतर लग्नपत्रिकेच्या पाठीवरचं छापखान्याचं नाव. चुडाव्याच्या विहाराचं अंगण दर शनिवारी झाडलं जाई आणि कुंपणापलीकडून आलेल्या देशीच्या बाटल्या केशरबाई पोत्यात भरत. त्या शनिवारी त्यांचे दोन्ही गुडघे धरले, म्हणून काम नवऱ्याकडं आलं. नाहीतर हे लेबल वाचणारा माणूस त्या बाटलीला भेटलाच नसता.

लेबलावर होतं : उत्पादक, सुवर्णतारा शुगर, आसवनी विभाग. म्हणजे दारू गाळायचा विभाग.

आणि सूर्यभानांच्या शेअरखात्यातली सगळ्यात मोठी रक्कम सुवर्णतारा शुगरमध्ये होती.

निवृत्तीनंतर पोस्टावरचा त्यांचा विश्वास उडाला, असं कुणी म्हणू नये. विश्वास होता, व्याज उडालं होतं. म्हणून ते पूर्ण्याला बालाजीकडं गेले. मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत बालाजी लोकांचे शेअर घ्यायचा-विकायचा. पोरगा हुशार. गिऱ्हाइकाप्रमाणं रामराम, सलाम किंवा जयभीम घालणारा. पण असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं.

"औषधाची घ्या, काका. फवारणीच्या. कापूस हाय तवर मरण न्हाई त्या कंपनीला."

"विष हाय ते."

"अंडी-कोंबड्याची?"

"जीव हाय."

"मंग ही बगा, सरकारी हाय. तोफा बनवती."

"हत्यार."

बुद्धांनी उपासकाला पाच धंदे वर्ज्य सांगितले : हत्यारं, माणसांची खरेदी-विक्री, मांस, मद्य आणि विष. सूर्यभानांचं म्हणणं सरळ होतं. जो धंदा आपण करायचा नाही, त्यात भागीदारीही करायची नाही. बालाजीनं कपाळाला हात लावला. "काका, तुमाला शेअरवाला नगं, भंतेजी पायजेत."

गाळून गाळून राहिलं काय, तर एक रंगाची कंपनी, एक टूथपेस्टची, एक बँक. आणि साखर. साखर बालाजीनं सुचवली नव्हती, ती सूर्यभानांनी स्वतः निवडली. आणि माणूस स्वतः निवडलेल्या वस्तूत जरा जास्तच पैसे घालतो. दीड लाख बाकी तिघांत मिळून, दोन लाख एकट्या साखरेत. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरामागं ताटकळण्यात ज्याचे हिवाळे गेले, त्याला साखर म्हणजे कष्टाचा, गोड धंदा वाटला. मळीपासून दारू होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण खरेदीच्या वेळी आठवलं नाही. फायद्याकडं डोळे लागले, की आठवण थोडी मंद होते. हा अनुभव थोरामोठ्यांचाही आहे.

हे साडेतीन लाख कशासाठी होते, तेही सांगायला हवं. नांदेडच्या डॉक्टरांनी केशरबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचा आकडा तेवढाच सांगितला होता. सरकारी योजनेसाठी हेलपाटे घालून झाले. रांग लांब, तारीख नाही. मुलगी बबिता पुण्यात घराच्या हप्त्यांखाली वाकलेली. तिच्याकडं मागायचं नाही, हे दोघांनी एकमेकांशी न बोलताच ठरवलेलं. आणि नेमका याच वर्षी बाजार पडला. रंग, टूथपेस्ट, बँक कशीबशी मुद्दलावर टिकली. दोन लाखांची साखर नव्वद हजारांची झाली.

सोमवारच्या गाडीनं सूर्यभान पूर्ण्याला गेले.

"इकून टाक साखर," ते म्हणाले.

"काका, आज? तळाला आलेला माल कुणी इकतंय व्हय? चार-सहा महिने दम धरा. सगळं वसूल हुतंय. मी सांगतो ना."

"दारू करते ती कंपनी."

बालाजीनं पंखा वाढवला आणि खुर्ची जवळ ओढली. "हे बगा. तुमी इकलं म्हणून कारखाना बंद पडायलाय का? तुमचा शेअर दुसरा कुणीतरी घेईल. दारू तेवढीच निघंल, पिणारे तेवढंच पितील. बदल हुईल तो फक्त तुमच्या खात्यात. अन् काकूंचे गुडघे?"

वकिलानं करावा तसा युक्तिवाद होता. सूर्यभान दुपारच्या गाडीनं परत आले. साखर खात्यात तशीच राहिली.

चुडाव्याच्या विहारात रविवारची वंदना सूर्यभान सांगत. ते एक ओळ म्हणत, मागून बायका-पोरं म्हणत. त्या रविवारी चार शीलं नेहमीसारखी झाली. पाचव्याला, मद्यापासून दूर राहण्याच्या शीलाला, त्यांचा आवाज असा खाली गेला, की मागच्या रांगेनं अंदाजानंच म्हटलं. पुढच्या रविवारीही तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी, घरी आल्यावर, केशरबाई बाजेवर पाय लांब करून बसल्या.

"पाचवं शील गिळलं तुमी आज."

"ठसका लागला."

"चार खणखणीत, अन् पाचव्यालाच ठसका? दर ऐतवारी? काय लपवायलाव?"

पोस्टमनला दुसऱ्याचं गुपित पोचवता येतं, स्वतःचं सांभाळता येत नाही. सूर्यभानांनी सगळं सांगितलं.

यात एक गोष्ट अवघड होती. काही वर्षांपूर्वी गावातलं देशी दारूचं दुकान बायकांच्या मतदानानं बंद झालं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. दुकान राहू द्यायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. आडव्या बाटलीसाठी दारोदार हिंडलेल्या बाई म्हणजे केशरबाई. त्यांच्या गुडघ्यांची पहिली तक्रार त्याच हिंडण्यातली, असं सूर्यभान चेष्टेनं म्हणत.

केशरबाई हसल्या, आणि ते हसणं ऐकून सूर्यभानांना रडणं परवडलं असतं.

"म्हंजी मी गावभर आडवी करत हिंडले, अन् तुमी घरात उभी करून ठिवली. ती बी माझ्या गुडघ्यावर."

"मला ठाऊक नव्हतं गं. आता बालाजी म्हणतो, चार-सहा महिने थांबा. दोन लाख परत आले की तुझे दोनी गुडघे निघतात. मंग इकतो, अन् नाव घेत न्हाई."

"चार-सहा महिने लोकांनी लय प्यावं, अशी वाट बगत बसायची का आपण?"

"साखर बी इकते की कंपनी."

"चहात घाला मंग."

सूर्यभानांनी बालाजीचं शेवटचं पान टाकलं. "आपण सोडलं तर दुसरा घेईल, केशर. त्यांना काय फरक?"

"सरपंच बी हेच म्हणला हुता. इथलं दुकान बंद केलं तर लोक पुढच्या गावाला जातील. गेलेच की. मला का दिसत न्हाई? बाटल्या कोण येचतं दर शनवारी?" त्यांनी गुडघ्यावरून तळवा फिरवला. "जायचं ते जाऊ द्या. पण माझ्या दारातून न्हाई. मी तवा सरपंचाला सांगितलं, तेच आता नवऱ्याला सांगायची पाळी आली, एवढंच."

बाहेर कुणीतरी शेळ्या हाकत गेलं.

"आजच्या भावात किती गुडघे निघतात?" केशरबाईंनी विचारलं.

"सगळं इकून एक. खोली, औषध, मालिशवाला धरून एक."

"डावा करू मंग. डावा लय ठणकतो."

"अगं पण उजवा..."

"उजव्याला सवय हाय."

दुसऱ्या दिवशी बालाजीनं "काका, शेवटचं इचारतो" असं चारदा विचारलं आणि बटण दाबलं. पैसे दलाली कापूनच आले. पोरगा गुणी, पण दलाली ही दलाली. जिन्यात सूर्यभान थोडा वेळ कठड्याला धरून उभे राहिले. खाली दुकानदारानं "पाणी देऊ का?" म्हणून विचारलं, तर "नगं, उतरायलोय" म्हणाले.

डावा गुडघा चांगला झाला. महिनाभर घरात रडणं, शिव्या आणि व्यायाम तिन्ही चाललं. मग केशरबाई काठी घेऊन हिंडू लागल्या. उजवा मात्र आता जास्तच बोलू लागला. धाकट्याला नवं अंगडं आणलं, की थोरला रुसतो तसा.

पावसाळा सरता सरता साखरेनं उचल खाल्ली. सूर्यभान मोबाइलवर रोज भाव बघत. विकलेल्या शेअरचा भाव बघणं म्हणजे मोडलेल्या सोयरिकीची लग्नपत्रिका वाचणं. फायदा काही नाही, पण हात जातो. घरात त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

तपासणीला नांदेडला जायचं होतं. चुडाव्याच्या फलाटावर दोघं गाडीची वाट बघत बसले होते. सूर्यभानांनी मोबाइल काढला, पाहिला, खिशात ठेवला.

"किती झाली साखर?" केशरबाईंनी रुळांकडं बघतच विचारलं.

सूर्यभानांनी मान वळवली. बाईला माहीत होतं तर.

"दोनाच्या वर गेली असती आपली."

"म्हंजी उजवा बी निघाला असता."

"निघाला असता."

केशरबाईंनी मान हलवली. शेजारणीनं वांग्याचा भाव सांगावा आणि आपल्याला वांगी घ्यायचीच नसावीत, तशी.

गाडी आली. लहान स्टेशनातला फलाट बुटका, डब्याची पायरी उंच. सूर्यभान पुढं होऊन दंडाला धरायला गेले.

"धरू नका. जमतंय मला."

त्यांनी दांडी पकडली. डावा पाय पायरीवर टेकवला आणि सगळं अंग त्याच्यावर तोललं. उजवा खालीच राहिला. गार्डनं शिट्टी दिली, आतली माणसं सरकली, कुणी हात पुढं केला. केशरबाईंनी तो घेतला नाही. दांडीवरचा एक हात सोडला, वाकल्या, आणि झोपलेलं लेकरू उचलावं तसा आपला उजवा गुडघा हळूच तळव्यानं वर उचलून घेतला.

मागं सूर्यभान दोन्ही हातांत पिशवी धरून उभे होते. त्या आत सरेपर्यंत त्यांनी पायरीवर पाय ठेवला नाही.