संडासचा रंग

माझे सासरे हिंमतराव आठ वर्षांपूर्वी रोहिणखेडच्या गुडमॉर्निंग पथकात होते. पहाटे टमरेल घेऊन उघड्यावर बसलेल्यांना शिट्टी वाजवून उठवायचं, हे पथकाचं काम. ती शिट्टी अजून आमच्या खुंटीला लटकते आहे. त्यामुळे गेल्या महिन्यात ते स्वतःच टमरेल घेऊन नाल्याकडे जाऊ लागले, तेव्हा गल्लीतल्या बाया मला विचारू लागल्या, "काऊन वो, घरचा संडास पडला का?"

मी काय सांगणार? नवरा, गोकुळ, ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. दोन पोरी, एक म्हैस, कपाशीची वेचणी, आणि त्यात हे. म्हातारपणी माणसं चळतात असं समजून मी गप्प बसले. खरं सांगते, मला बरंच वाटलं. एक घासायचं काम कमी झालं होतं. त्याआधी आठ दिवस संडासच्या भांड्याला काळं काहीतरी चिकटून राहायचं. बादलीभर पाण्यानेही हलायचं नाही, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. एका सकाळी घासता घासता मी वैतागून मोठ्याने बोलले, "कोन डांबर लावून जाते इथं, काय माईत." सासरे तेव्हा ओसरीवर चहा पीत होते.

मागच्या सोमवारी ते नाल्याच्या वाटेवर घेरी येऊन पडले. शेजारच्या हरिओमने उचलून आणलं. चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. त्याच्याच गाडीतून त्यांना मलकापूरला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली. "बाबा, गोळ्या कोणत्या घेता?"

"गुडघ्याच्या. मेडिकलवाला देते. दोन सकाळी, दोन संध्याकाळी."

"जेवून घेता ना?"

"जसं जमते तसं."

"संडासचा रंग कसा आहे?"

"निळा," सासरे म्हणाले. "मागच्या दिवाळीलेच मारला."

हरिओम हसला. डॉक्टरही हसले. मला हसू आलं नाही. सासऱ्यांना प्रश्न कळला नव्हता असं नाही. सुनेसमोर त्यांना संडास म्हणजे फक्त चार भिंती हव्या होत्या. पोरींना मी रोज विचारते, शी पातळ झाली का, जंत दिसले का. सासऱ्यांना विचारायला माझ्याकडे शब्दच नव्हता. पण त्या निळ्या भिंतींतलं भांडं मला आठवलं.

"काळी होते, डॉक्टर," मी म्हणाले. "डांबरासारखी, चिकट. महिना झाला असेल."

सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांचं हसू गेलं. "मग ते रक्त आहे. या गोळ्यांनी जठरात जखम झाली असणार. तिथलं रक्त खाली येईपर्यंत काळं पडतं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण असा चिकटपणा नसतो, वास नसतो. महिनाभर कुणी पाहिलं नाही?"

पाहिलं होतं. मीच घासून टाकलं होतं.

तिथेच दवाखान्यात भरती केलं. दुर्बीण घालून जखम बंद केली, रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. संध्याकाळी मी सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, बाहेर काऊन जात होते?"

"तुले घासा लागे," ते म्हणाले. "थकून जाते तू."

मला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. पण भांडायला अंगात जोर नव्हता. स्टुलावर बसल्या बसल्या मी त्यांच्या खाटेला डोकं टेकलं.

सिस्टरने बजावलं होतं, रोज रंग पाहून सांगायचा, पुन्हा काळी झाली तर लगेच. मामाजी रोज भरपूर पाणी ओतून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "चांगली हाय." त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, या काळजीत माझी झोप उडाली होती.

सहाव्या दिवशी त्यांना आत बराच वेळ लागला. मी दार वाजवलं. कडी निघाली. ते भिंत धरून, तोंड दुसरीकडे करून उभे होते.

"पुष्पा, पाणी नाही टाकलं," ते म्हणाले. "ये, पाहून घे."

मी वाकून पाहिलं. पिवळी होती.

"चांगली हाय, मामाजी," मी म्हणाले, आणि बादली उचलली.