चौकावरून उडालेला कापडी घोडा

मी एक जुना कापडी घोडा आहे आणि एकदा मी भर चौकावरून उडालो होतो. तुमचा विश्वास बसणार नाहीच. माझ्या शेपटीचाही बसत नाही. तरी ऐका मित्रांनो, भरभर सांगतो. मला एका जागी उभं राहवत नाही.

एका शिंपीणबाईने मला जुन्या पडद्यांतून शिवलं. बरगड्या वेताच्या, तोंड पुठ्ठ्याचं, शेपटी झाडूची. ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आदल्या दिवशी मुखवट्यांची मिरवणूक निघते. त्या एका दिवसासाठी मी वर्षभर माळ्यावर तळमळत पडायचो. पुढे एक माणूस शिरायचा, मागे दुसरा वाकून त्याची कंबर धरायचा, की निघालो मी!

त्या वर्षी माझ्यात बाईचेच दोन मुलगे होते. थोरला जोडे शिवायचा, धाकटा केस कापायचा. थोरल्याने धाकट्याच्या लग्नाचे जोडे इतके घट्ट शिवले, की नवरदेव लंगडतच मिरवला. पुढच्याच आठवड्यात धाकट्याने थोरल्याची अर्धी मिशी उडवली. दोघंही म्हणाले, चुकून झालं. दोघांनाही ते पटलं नाही. तीन वर्षं अबोला!

त्या दिवशी आईने दोघांना माझ्यात कोंबलं आणि बाहेरून बटणं लावली.

"आज उपासाआधीचं शेवटचं पोटभर जेवण. घंटा व्हायच्या आत घोडा चर्चच्या दाराशी आणा आणि एका टेबलाशी बसा. नाहीतर मी चालले बहिणीकडे, कायमची. बोचकं बांधलंय."

ढोल वाजले. माझ्या पोटात वेगळाच गोंधळ.

"दादा, हळू चाल की!"

"का रे? जोडे चावतात?"

"मिशी बरी उगवली तुझी!"

"कंबर सोड, गुदगुल्या होतात."

"सोडतो. मग शेपूट तूच सांभाळ."

पुढचे पाय उजवीकडे, मागचे डावीकडे. माझी शिवण उसवायला लागली. चौकाच्या पायऱ्यांवर मागचा माणूस धाडकन कोसळला. समोर घंटेवाल्याने दोरी धरली होती आणि आई बोचकं घेऊन दारात उभी होती.

आता काय करणार? मी बरगड्या फुगवल्या आणि उडालो! कारंज्यावरून, बँडवाल्यांच्या टोप्यांवरून. कबुतरांनी बाजूला होऊन वाट दिली. पहिल्या टोल्याआधी मी चर्चच्या दारात! आत दोघं भाऊ घाबरून एकमेकांना घट्ट बिलगले होते. तसेच एका बाकावर जेवायला बसले. आईने बोचकं सोडलं.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना माळ्यावर टाकून विसरू नका. त्यांनी उडून माणसं जोडलेली—

"थापा पुरे, घोड्या!" थोरल्याची मुलगी ओरडली. "मी तुझ्या शेजारूनच पळत होते. काकाचा पाय मुरगळला. तो म्हणाला, 'दादा, तू जा पुढे.' पण काका काही बाहेर आला नाही. आणि त्यानंतर चर्चपर्यंत तुझ्याखाली दोनच पाय चालत होते. आणि ते माझ्या बाबांचे होते!"