डावीकडे ओढणारा रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, गेमचा. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की लोक त्याच्या पाठीत धपाटे घालतात. तसली वागणूक मी खपवून घेत नाही. माझ्या अंगावर दोन अंगठ्यांसाठी दोन दांड्या आहेत. डावी दांडी जिकडे कलवाल तिकडे पडद्यावरचा माणूस चालू लागतो. पण माझी डावी दांडी आता झिजली आहे. कोणी हात लावला नाही तरी माझा माणूस आपला हळूहळू डावीकडे सरकत राहतो. हा दोष मी लपवत नाही, कारण या दोषामुळेच मला आयुष्यातले सर्वांत मोठे काम मिळाले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. सांगलीच्या एका दुकानातून जयराजने मला आणले, तेव्हापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. तो तिथे इंजिनिअरिंग शिकत होता. त्याच्या गेममध्ये एक भलामोठा मुलूख होता. डोंगर, नद्या, वस्त्या, बाजार सगळे काही होते. एका घोडेस्वाराने त्या मुलखातून जाऊन काळ्या किल्ल्यातल्या दुष्ट राजाला हरवायचे, एवढी मूळ कथा. ती चाळीसेक तासांत संपते, पण सगळा मुलूख हिंडायचा तर दोनशे तासही पुरत नाहीत, असे जयराज मित्रांना सांगत असे.

हिंडायला त्याला सवड नव्हती. परीक्षा तोंडावर आली होती. तो घोडा सुसाट सोडायचा. वाटेत माणसे हात करायची. कोणाची शेळी हरवलेली असे, कोणाला औषध पोचवायचे असे. जयराज कधी थांबला नाही. शेवटच्या लढाईत तर तो इतक्यांदा हरला की रागाच्या भरात त्याने माझी डावी दांडी रेटून रेटून सैल केली. अखेर तो जिंकला. "संपला गेम," असे म्हणाला आणि मला खोक्यात टाकून मोकळा झाला. मला फार वाईट वाटले. अर्ध्याहून जास्त मुलूख मी अजून पाहिलाच नव्हता.

पुढे जयराज फलटणच्या एका साखर कारखान्यात नोकरीला लागला आणि माझे खोके कराडजवळच्या त्याच्या गावी आले. तिथे मी जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडून राहिलो. माझ्या बटणांवर धूळ बसली.

त्या घरात जयराजचे वडील केरबा आणि आई विजयमाला राहत. केरबा एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांची सगळी नोकरी कराड ते कोयनानगर या एकाच रस्त्यावर गेली. त्या रस्त्याला जागोजागी फाटे फुटतात. एक वाट कोण्या वाडीला जाते, दुसरी डोंगरात शिरते. एसटीला ठरलेला रस्ता सोडता येत नाही, त्यामुळे केरबांनी ते फाटे फक्त खिडकीतून पाहिले होते. विजयमालाबाई कधी त्यांच्या गाडीत बसल्या की विचारायच्या, "आवं, ह्या फाट्यानं आत गेलं की काय लागतं?" केरबा म्हणायचे, "मलाबी ठावं न्हाई. रिटायर झालो की आपली गाडी घेऊ. तू म्हणशील त्या फाट्याला वळवतो."

आणि खरोखरच त्यांनी निवृत्त झाल्यावर एक जुनी मोटार घेतली. पण फाटा काही गाठता आला नाही. एके सकाळी त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. पाय लवकर सुधारला, हात मात्र सुधारेना. ज्या हाताने गिअर टाकायचा, त्या हातात चहाचा कप ठरत नव्हता. मोटार अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली.

डॉक्टरबाईंनी बोटांच्या व्यायामासाठी रबराचा चेंडू दिला होता. केरबांनी दोन दिवस तो दाबला आणि तिसऱ्या दिवशी भिरकावून दिला. "म्या काय ल्हान पोरगं हाय व्हय?" असे म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसले. तेव्हा रविवारी घरी आलेल्या जयराजला माझी आठवण झाली. त्याने मला धूळ झटकून बाहेर काढले, टीव्हीवर तोच गेम पहिल्यापासून लावला आणि मला वडिलांच्या हातात दिले.

मित्रांनो, तो निर्जीव अंगठा माझ्या दांडीवर पहिल्यांदा टेकला, तेव्हा मला काहीच कळेना. त्यात जोर नव्हता. घोडा जागच्या जागी गरगर फिरला आणि नदीत पडला. पुन्हा बाहेर काढला, पुन्हा पडला. केरबांच्या कपाळावर घाम आला, पण त्यांनी मला खाली ठेवले नाही. उलट ते हसले.

"जयराज, ही गाडी डावीकडं ओढतीया रं."

"रिमोट खराब हाय, आप्पा. नवीन आणतो."

"काय नगं. असल्या गाड्या लय चालवल्यात म्या. ओढती तवा उलट्या अंगाला धरायचं, बास."

आणि तिथे सगळे बदलले. घोडा सरळ चालायला हवा तर केरबांना माझी दांडी सतत उजवीकडे दाबून धरावी लागे. एक क्षण अंगठा सैल पडला की घोडा खड्ड्यात जाई. चेंडूला जे जमले नाही ते माझ्या खोडीने रोज सकाळ-संध्याकाळ करून घेतले. महिन्याभराने त्या अंगठ्यात धग जाणवू लागली. मी खोटे सांगत नाही, मला इतका आनंद झाला की माझे दिवे एकदम उजळल्यासारखे वाटले.

खेळ मात्र पुढे सरकत नव्हता. कारण रस्त्याकडेला कोणी हात केला की केरबा घोडा थांबवायचेच. शेळी शोधून द्यायचे, औषध पोचवायचे, म्हातारीला पुढच्या गावी सोडायचे. ते काम संपते न संपते तोच दुसरा कोणी हात करायचा. दर रविवारी जयराज येऊन बघे आणि कपाळाला हात लावी.

"आप्पा, ही माणसं मेन स्टोरीत न्हाईत. सोडून द्या की."

"आरं, प्याशिंजरनं हात केल्याव थांबल्याबिगर कसं जायाचं?"

"गेममधी कोण तुमची तक्रार करणाराय?"

"तक्रारीसाठी थांबत हुतो व्हय म्या?" केरबा म्हणाले.

पण जयराजच्या मनात वेगळेच चालले होते. ताडपत्रीखालची मोटार गंजत होती आणि वडूजचा एक माणूस ती विकत न्यायला तयार होता. जयराजने एके दिवशी सरळ सांगून टाकले. दिवाळी झाली की डॉक्टरबाईंना हात दाखवायचा. त्यांनी नाही म्हटले, तर गाडी द्यायची.

"फाट्याला मी नेतो की तुमाला दोघांना," तो समजुतीने म्हणाला.

"तू न्हाई," विजयमालाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "शब्द ह्यांनी दिलाय. ह्येच नेतील."

मग बापलेकांत पैज लागली. दिवाळी संपायच्या आत काळा किल्ला जिंकला, तर हात बरा आहे हे जयराज मान्य करणार आणि डॉक्टरबाईंनी होकार दिला की गाडी विकायचे नाव काढणार नाही. ती लढाई किती कठीण आहे हे त्याला चांगले ठाऊक होते. माझी दांडी त्याचीच साक्ष देत होती. मला धाकधूक वाटू लागली. दिवस थोडे उरले होते, आणि हे गृहस्थ अजून शेळ्या शोधत होते.

धनत्रयोदशीला केरबा किल्ल्याच्या दारात पोचले. पडद्यावर सूचना आली. जयराजने ती वाचून दाखवली. आत गेल्यावर लढाई संपेपर्यंत मागे फिरता येणार नाही. केरबांनी घोडा थांबवला. जरा विचार केला आणि घोडा मागे वळवला.

"आप्पा! आता काय?"

"त्यो नदीकडचा म्हातारा. होडीसाठी फळ्या आणून देतो म्हटलोय त्येला. आत काय झालं तर त्यो वाट बघत बसंल."

जयराज उठून बाहेर गेला. मीसुद्धा मनातून चिडलो होतो. पण त्या फळ्या डोंगरावरून आणताना केरबांचा अंगठा क्षणभरही माझ्यावरून घसरला नाही, हे माझ्या ध्यानात आले. म्हाताऱ्याने फळ्या मिळाल्यावर त्यांना एक जुनी ढाल दिली. अशा कितीतरी वस्तू त्यांच्याजवळ जमल्या होत्या. हात केलेल्या प्रत्येकाने काही ना काही दिले होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही किल्ल्यात शिरलो. दुष्ट राजाने पहिला घाव घातला. तो त्या जुन्या ढालीवर आपटून वाया गेला. केरबांनी मला घट्ट धरले होते. डावा अंगठा ओढ सावरत होता आणि उजवा वार करत होता. विजयमालाबाई हातातला करंजीचा घास तसाच धरून उभ्या होत्या. जयराजला ज्या राजाने रडवले होते, तो चहा निवायच्या आत आडवा झाला.

जयराज बघतच राहिला. मग त्याने वाकून वडिलांच्या डाव्या हाताला हात लावला.

पडद्यावर गेम बनवणाऱ्यांच्या नावांची लांबच लांब रांग सरकू लागली. केरबांनी मात्र वेगळेच विचारले, "आता परत मुलखात सोडत्यात न्हवं? दोन वाड्या राहिल्यात माझ्या."

दिवाळीनंतर कराडला डॉक्टरबाईंनी त्यांची नजर तपासली, पाय तपासला आणि आपली बोटे डाव्या हातात देऊन म्हणाल्या, "दाबा, काका." केरबांनी दाबली. "बास बास, सोडा!" बाई ओरडल्या. जवळच्या अंतरावर, दिवसाउजेडी गाडी चालवायला त्यांनी परवानगी दिली.

हे मला कसे कळले म्हणता? मी केरबांच्या खिशात होतो. कुठेही बसले की माझी दांडी फिरवायची त्यांना सवय लागली आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मोटारीवरची ताडपत्री निघाली, तेव्हाही मला पुढे काचेजवळ जागा मिळाली.

पाटण मागे पडले. गिअर टाकणाऱ्या त्यांच्या डाव्या हातावर माझी नजर खिळली होती. तो थरथरला नाही. एका वळणावर विजयमालाबाई एकदम म्हणाल्या, "आवं, ह्यो फाटा." केरबांनी गाडी वळवली. एवढी वर्षे फक्त खिडकीतून दिसलेली ती वाट आता चाकांखाली आली. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि काच पूर्ण खाली केली.

थोडे पुढे गेलो तर रस्त्याकडेला डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी उभी होती. तिने हात केला. माझ्या जीवनात मी हा क्षण इतक्यांदा पाहिला आहे की पुढे काय होणार ते मला लगेच कळले. केरबांनी ब्रेक दाबला.

मित्रांनो, एक मागणे आहे. घरातली जुनी वस्तू जरा एका बाजूला ओढू लागली, की तिला लगेच खोक्यात टाकू नका. उलट्या अंगाने धरून पाहा. आता मला बोलणे आवरते घ्यावे लागेल. भारा मागे ठेवायला केरबा उतरले आहेत, आणि म्हातारीला कुठे सोडायचे ते अजून तिने सांगितलेले नाही.