सिस्टरच्या घरची बैठक

शनिवारी दुपारी रत्नाने कॅमेलियाची कुंडी ओट्याच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात नेली, लांब जाऊन पाहिली आणि परत डावीकडे आणून ठेवली. बाजीराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करताच म्हटलं, "अगं, त्या झाडाला जरा निवांत उभं राहू दे की."

"ऊन लागतंय त्याला तिथं."

"डिसेंबरचं ऊन. त्यानं काय व्हतंय."

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून रत्नाला नुसतं बसणं म्हणून जमत नव्हतं. सगळी हयात वॉर्डात उभ्यानेच गेलेली. आता हात रिकामा राहिला की ती कपाटं आवरायची आणि आवरलेली पुन्हा आवरायची. कळंबमध्ये तिला अजूनही कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे सिस्टरच म्हणत.

उद्या रविवार होता, आणि कॅमेलिया मंडळाची बैठक पहिल्यांदाच तिच्या घरी होती.

हे मंडळ म्हणजे मढच्या सावळाराम सुभेदारांचं काम. फौजेत असताना त्यांची पलटण दार्जिलिंगकडे होती. निवृत्त होऊन येताना त्यांनी ट्रंकेत ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन रोपं आणली. चहाच्या जातीचं झाड आहे आणि थंडीत फुलतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गावाने चेष्टा केली. पण मढचं धुकं, पाऊस आणि तांबडी माती त्या झाडाला मानवली. दोन-तीन वर्षांनी जानेवारीत फुलं आली. गुलाबी, पाकळीवर पाकळी, जणू कुणी हाताने रचून ठेवलेली. वास मात्र अजिबात नाही. सुभेदारांच्या बायकोने, साळुबाईने, त्या अवघड नावाची कमळी करून टाकली. मग बघायला येणारे कलम मागू लागले, आणि ओतूर, आळे, कळंब असं करत झाडं पसरली. महिन्यातून एका रविवारी सगळे कुणाच्या तरी घरी जमत. त्या घरचं झाड बघायचं, पानं उलटीपालटी करायची, मढहून आलेली मातीची पोती वाटून घ्यायची, बोअरच्या खारट पाण्याने झाड पिवळं पडतं म्हणून पावसाचं पाणी कुणी किती साठवलं ते विचारायचं, आणि मग जेवायचं. उसातून बिबट्या फिरत असल्यामुळे ऊन उतरायच्या आत जो तो आपापल्या वाटेला लागे.

रत्नाचा नंबर याआधी दोनदा आला होता. पहिल्यांदा सुभेदारांचा फोन आला, "सिस्टर, या खेपेला आळ्याला प्रतिभाताईंकडं करू. त्यांच्या द्राक्षबागेत सावली हाय." दुसऱ्यांदा, "थंडी लई पडलीया, मढलाच करू, शेकोटी करता येईल." दोन्ही वेळा ती बरं म्हणाली. बोलणं संपल्यावर मात्र फोन तसाच हातात धरून उभी राहिली.

तिचं घर बुद्धविहाराला लागून होतं. बाजीरावांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतली, त्याच पिढीने हा विहार बांधला. मंडळात त्यांच्या समाजाची रत्ना एकटीच. हे कधी कुणी बोललं नव्हतं. कुशाबा गुरुजींकडे एकदा तिला जेवायला कागदी ताट मिळालं, तेव्हा तिने उचललेला घास परत ताटात ठेवला होता. मग तिने पाहिलं, तर आणखी दोघांनाही कागदीच होतं. घरात ताटं कमी असतील. ती स्वतःवरच चिडली, आणि ते चिडणंही पुढे कित्येक दिवस तिच्या मागे लागलं.

यंदा तिने स्वतःच ग्रुपवर लिहून टाकलं होतं, 'डिसेंबरची बैठक माझ्याकडे.' सुभेदारांनी नमस्काराचं चित्र टाकलं. बाकीच्यांनी वाचलं.

आणि यंदा झाडाला एक कळी टिकली होती. इतकी वर्षं कळ्या धरायच्या आणि गळायच्या. कुशाबा गुरुजी म्हणाले होते, "सिस्टर, तुमी त्याला लेकरागत सारखं उचलता. या झाडाला हलवलेलं खपत न्हाई." तिलाही ते पटत होतं, पण हात थांबत नसत. ही एक कळी मात्र सुपारीएवढी झाली होती, टोकाला गुलाबी रेघ फुटली होती. उद्या सगळ्यांसमोर फुलली तर.

संध्याकाळी बाजीराव बाजारातून आले ते रिक्षातून एक खोकं उतरवून घेत. सीलबंद पाण्याच्या बाटल्या होत्या.

"हे कशाला?" रत्नाने विचारलं.

"असू दे. सोयीचं असतं."

"कुणाच्या सोयीचं?"

बाजीराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. उभ्या आयुष्यात भांडण टाळत आलेला माणूस. ते चपला काढण्यात गुंतले. मग हळूच म्हणाले, "कुणाला अवघड वाटाय नको, एवढंच."

"आणि मला वाटतंय ते?"

तिने खोकं ओढत नेऊन पलंगाखाली सारलं. माठ घासला, धुतला, ताज्या पाण्याने भरला. तरी तिचं लक्ष त्या पलंगाकडे जात राहिलं. आपल्याच घरात आपण काहीतरी लपवलंय, असं तिला वाटायला लागलं.

रविवारी उठल्या उठल्या तिने कुंडी दाराकडे वळवली. येणाऱ्याला कळी समोर दिसावी म्हणून अगदी थोडीशीच. मग मासवडीच्या तयारीला लागली. तीळ, खोबरं, कांदा, लसूण भाजून सारण केलं, बेसन घाटून ओल्या फडक्यावर थापलं. मासवडी तिने मुद्दाम निवडली होती. नावात मास असलं तरी सगळं शाकाहारी, आणि या भागात पाहुण्याला याहून मानाचं जेवण नाही. कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

वड्या कापत असतानाच पहिला फोन आला. कुशाबा गुरुजी. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून.

"सिस्टर, गुडघा लई धरलाय हो. जिना उतरता येईना. तुमी करून घ्या बैठक."

त्यांच्या त्याच गुडघ्यात इंजेक्शन देताना डॉक्टरांच्या शेजारी रत्ना उभी होती. त्यांच्या सुनेचं बाळंतपण तिच्या हातचं. ते पोर बाहेर आल्या आल्या तिने पालथं धरलं होतं, तेव्हा हेच गुरुजी वऱ्हांड्यात हात जोडून उभे होते. ती म्हणाली, "शेक घ्या, गुरुजी."

थोड्या वेळाने प्रतिभाचा फोन. "ताई, निघणारच होते, पण सासूबाईंचं बीपी वाढलंय."

"किती आहे?" रत्नाच्या तोंडून सवयीने गेलं.

"काय?"

"बीपी. वरचं किती, खालचं किती?"

"वरचं... शंभराच्या पुढं असेल. मी बघून सांगते, ताई."

रत्ना फोन ठेवून ओट्यावर आली. जराशी हवा घ्यावी म्हणून आली होती. कळी कुंडीतल्या मातीवर पडलेली होती. तिने ती उचलली. घट्ट, गार आणि मिटलेलीच. देठाला जखमसुद्धा नव्हती, नुसतीच सुटली होती. बाजीराव मागून आले, त्यांनी पाहिलं आणि ते तसेच मागे वळले. तिने कळी पदराच्या टोकात गुंडाळली आणि पुन्हा आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं. हाताचा जोर जरा जास्तच लागत होता.

दुपार व्हायच्या आत सुभेदारांची जीप आली. सोबत साळुबाई, आणि वाटेत आळेफाट्यावर घेतलेला आदेश, तिथला खत-औषधांचा दुकानदार. बाकी कुणीच नाही. साळुबाई चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात आली, माठावरचं भांडं बुडवून घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "जीव कासावीस झाला गं बया त्या घाटानं. चुलीवर टाकतीस का भाकरी? व्हय बाजूला, मी थापते." रत्नाला उगाच भरून आलं. पण बाहेर आदेशने पिशवीतून स्वतःची बाटली काढून तोंडाला लावलेली तिला दारातून दिसली. आजकाल सगळेच बाटली बाळगतात. ती तव्याकडे वळली आणि पुन्हा एकदा मान वळवून पाहिलं.

जेवायला बसल्यावर आदेशने मासवडीचं ताट दोनदा भरून घेतलं आणि रस्सा वाटीने प्यायला. "सिस्टर, आमच्याकडं एवढं झणझणीत कुणी करत नाय," तो म्हणाला. ती हसली. तरी त्याच्या बाटलीतलं पाणी किती कमी झालं इकडे तिचं लक्ष होतंच, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

जेवणं झाली. सुभेदारांनी झाड पाहिलं, पान नखाने खरवडलं, गळलेल्या कळीच्या जागेवर बोट फिरवलं. मग सतरंजीवर बसून म्हणाले, "जानेवारीच्या शेवटाला मढला फुलं बघायला जमायचंच हाय. त्याआधीची बैठक कुशाबा गुरुजींकडं धरू."

"सुभेदार," रत्ना म्हणाली, "माझा नंबर दोनदा का हुकला?"

बाजीराव उठून ओट्याकडे निघाले. "तुम्ही पण बसा," ती म्हणाली. ते दारातच टेकून उभे राहिले.

सुभेदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "थंडी व्हती त्या वर्षी..."

"थंडी सगळ्यांकडंच होती."

आदेश फोनमध्ये पाहू लागला. साळुबाई नवऱ्याकडे बघत होती. सुभेदारांनी टोपीची घडी घातली. मग म्हणाले, "मंडळ फुटू नये म्हणून, सिस्टर. दोघातिघांनी मला येगळं गाठून सांगितलं, तिथं जेवायला आमाला जमायचं न्हाई. मी त्यांना काय बोललो न्हाई आन् तुमालाबी. नुसतं पुढं ढकलत ऱ्हायलो. म्हटलं, तुमच्या काय ध्यानात यायचं न्हाई."

"ध्यानात यायचं न्हाई?" साळुबाई म्हणाली. "मला यवढ्या दिसांत एका शब्दानं बोलला न्हाईत."

रत्नाला वाटत होतं, हे ऐकलं की मन हलकं होईल. निदान आपण वेडे नव्हतो एवढं तरी कळेल. पण तसं काही झालं नाही. आता ते दोघे-तिघे कोण, हा नवा भुंगा लागला. गुरुजी तर नक्की. प्रतिभा? ती नावं विचारणार होती, पण विचारली नाहीत. "पुढची बैठकपण इथंच होईल," ती म्हणाली. "नावं मला नकोत. ग्रुपवर तुम्हीच लिहा. आत्ता, माझ्यासमोर."

सुभेदार चष्मा लावून एका बोटाने टाइप करू लागले. "पु-ढ-ची..." असं ओठांत पुटपुटत. शेवटी त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. लिहिलं होतं, 'पुढची बैठक पण कळंबला सिस्टरकडे. ज्याला यायचं त्याने यावं. ज्याला नाही त्याने जानेवारीत मढला पण येऊ नये. सावळाराम.'

"शेवटचं मी सांगितलं नव्हतं," रत्ना म्हणाली.

"ते माझं हाय," सुभेदार म्हणाले.

त्या संध्याकाळी घर शांत झालं, तरी रत्नाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती फोन उचलायची, ठेवायची. सगळ्यांनी वाचलं होतं, बोललं कुणीच नव्हतं. अंधार पडला तेव्हा कुशाबा गुरुजी ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांच्या पाठोपाठ ओतूरचं एक जोडपंही गेलं. बाजीराव म्हणाले, "बघ, फुटलंच." तिला त्याचं वाईट वाटलं. गुरुजींनी पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने तिची कुंडी भरून दिली होती, तेही आठवलं, आणि रागही तेवढाच राहिला. तिने पलंगाखालचं खोकं ओढून काढलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर बसणाऱ्या बायकांना बाटल्या वाटून आली.

पुढच्या बैठकीच्या दिवशी तिने काहीच खास ठरवलं नाही. साधी आमटी-भाकरी. पीठ मळायला घेतलं तोच दाराशी गाडी वाजली. इतक्या लवकर कोण, म्हणून ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. प्रतिभा एकटीच होती, स्कूटीवरून आलेली, तोंडाला बांधलेला रुमाल सोडत.

"लवकर आले, ताई. म्हटलं हाताखाली मदत होईल."

"सासूबाई?"

"बऱ्या आहेत." प्रतिभा खाली बघत म्हणाली. "त्यांना बीपी नाहीच आहे, ताई. त्या दिवशी मी गाडीची चावी हातात घेतली होती. त्या म्हणाल्या, तिथून जेवून आलीस तर न्हाऊन घरात ये. मग मी गेलेच नाही."

इतके दिवस रत्नाच्या मनात रचलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही या बाईला लागू पडत नव्हतं. "आणि आज?" तिने विचारलं.

"आज मंचरला ब्लाउज शिवायला टाकते म्हणून निघालेय."

रत्ना बाजूला झाली आणि प्रतिभा आत आली. स्वयंपाकघरात तिने न सांगता कोथिंबीर निवडायला घेतली. रत्नाने पहिली भाकरी तव्यावर टाकली, तेवढ्यात प्रतिभाचा फोन वाजला. नाव बघून ती लगबगीने मागच्या दारी गेली. "हो आई, मंचरलाच आहे," तिचा दबका आवाज भिंतीपलीकडून येत होता. "गर्दी आहे हो टेलरकडं. वेळ लागेल."

रत्ना तव्यासमोर उभी राहून ऐकत होती. खोटं होतं ते, तिच्याच अंगणात उभं राहून बोललेलं. आणि ते खोटं बोलून ही बाई इथे जेवायला थांबणार होती. याचा आनंद मानायचा की राग, हे तिला ठरवता येईना. तव्यावरची भाकरी फुगली होती. तिने ती उतरवली, आणि दुसरी थापायला घेतली.