दोन कार्डांच्या जागा

पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये दसऱ्याच्या सकाळी सगळी मशिनं पुसून घेतात, मग हार घालतात. अठ्ठ्याण्णव साली वरच्या ऑफिसातले कॉम्प्युटरही पूजेत धरले. माझी मुलगी उज्ज्वला तिथे तीन महिन्यांच्या बोलीवर लागली होती. पक्की व्हायला दहा दिवस उरले होते. मी खाली कापड रंगवायच्या जेट मशीनवर बावीस वर्षं काढली. वर खुर्चीत बसणारी आमच्या घरातली ती पहिली.

जिन्याखाली बिनपडद्याचा एक कॉम्प्युटर होता. त्याच्या एका वायरीवर ऑफिस, दुसरीवर लॅब. ऑफिसातून आलेली रंगाची रेसिपी लॅबला पोचवायची, एवढंच त्याचं काम. उज्ज्वला प्रसाद वाटत होती. मी त्याचं झाकण काढलं. आत कापडाचा भुगा साचला होता.

वायरी ज्यांत खोचतात ती दोन कार्डं दिसायला सारखीच होती. काढण्याआधी मी एका कार्डाला आणि त्याच्या वायरीला लाल दोरा बांधला, दुसऱ्या जोडीला पिवळा. कापडाच्या लॉटला आम्ही असाच दोरा बांधतो. मग ट्रॉली कुठेही ढकला, दोऱ्यावरून लॉट कळतो. कार्डं पुसली, परत बसवली. लाल वायर लाल कार्डात, पिवळी पिवळ्यात. वर हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी लॅबला काहीच पोचेना. उज्ज्वलाने जिन्याखाली पाहिलं आणि घरी मला विचारलं,

"आप्पा, दोरा तुम्ही बांधात?"

"हां. पुसाले काढं व्हतं."

"मंग वायरी तं बराबर शेत," ती म्हणाली. दोऱ्यावरून तिनेही वायरी बरोबर आहेत असं धरलं; तीही डाइंगवाल्याचीच मुलगी.

दोन दिवस रेसिपी कागदावर लिहून खाली गेल्या. त्यात एक आकडा चुकीचा वाचला गेला आणि नेव्ही ब्लूचा अख्खा लॉट काळा निघाला.

तिसऱ्या दिवशी रिंगरोडच्या दुकानातून प्रवीण नावाचा इंजिनिअर आला. पाच मिनिटं पाहून म्हणाला, "ये मशीन कार्ड को नहीं पहचानती, खाँचे को पहचानती है. ऊपरवाला शून्य नंबर, नीचेवाला एक. शून्य पे ऑफिस लिखा है, एक पे लॅब. किसी ने कार्ड ऊपर-नीचे कर दिए." त्याने फाइलमध्ये दोन आकडे बदलले. लॅब सुरू झाली.

मॅनेजर मगनभाईंनी गुजरातीत विचारलं, "कोणे खोल्युं?"

"मी," उज्ज्वला म्हणाली.

मी ट्रॉली सोडून पुढे झालो. "साहेब, मी उघडलं. पूजेसाठी."

मगनभाई हसले. "सुपडूकाका, जेटचं ढाकण आहे का ते? गेल्या वर्षापर्यंत हजेरीला अंगठा लावायचे तुम्ही. दीकरीला वाचवायला खोटं बोलू नका."

"दोरे मी बांधलेत. गाठ पाहा."

"गाठ तिला पण येते. तुमचीच मुलगी ना?"

मी उज्ज्वलाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. परत उघडून, पुसून दाखवतो, म्हणालो, तर प्रवीणने झाकण लावून स्क्रू आवळायला घेतले. मगनभाईंनी तिला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. मला म्हणाले, "तमे जाव, मशीन रिकामं पडलंय."

मी गेलो. जेटमध्ये कापड भरलं, वाफ सोडली.

घरी तिने भाकरी वाढली.

"माले कसाले वाचाडं?" मी विचारलं.

"तुमले काढतात तं घर कसं चालतं?" ती म्हणाली. "मी सांगं नसतं तं त्यासनी तुमनंच खरं मानं असतं."

तिने आधी बोलून माझं खरं खोटं ठरवलं, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मी जेवलो. तिने ताट उचललं.

सोमवारी ती घरी होती. मी सातच्या पाळीला गेलो. साडेसातला लॅबमधून पहिली रेसिपी खाली आली, छापलेली, स्वच्छ. मी ती एकेक अक्षर लावत वाचली आणि रंग मोजायला घेतला.